कमाटीबागेतील एक रविवार

बडोद्याच्या रेल्वे स्थानकावर उतरून शहराकडे निघालेल्या प्रवाशाला आधी भेटते ती बाग. राजवाडा अजून दिसलेला नसतो, मांडवीची वर्दळ कानी आलेली नसते, सुरसागर तलाव तर बराच पुढे असतो. पण थोडे अंतर चालून गेले, की एका चौकात ओतीव धातूच्या घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज दिसतात आणि तेथूनच झाडांची दाट रांग सुरू होते. कागदोपत्री या बागेचे नाव सयाजीबाग. बडोदेकर मात्र पिढ्यान् पिढ्या तिला कमाटीबाग म्हणत आले आहेत, आणि तो पुतळा म्हणजे त्यांचा नुसता ‘काळा घोडा’. घोड्यावरच्या स्वाराचे नाव घेण्याची गरज त्यांना भासत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव कोण घेतो?

नोकरीनिमित्त देशभर पांगलेल्या मराठी माणसांत बडोद्याची माणसे पुष्कळ आहेत. गायकवाडांच्या दौलतीबरोबर त्यांचे पूर्वज गुजरातेत आले, कोणी तलवारीच्या बळावर, तर पुष्कळसे लेखणीच्या. १९४९ साली संस्थान विलीन झाले. दौलत गेली, तरी दांडिया बाजारातील माडीची घरे राहिली. मुले मात्र भोपाळ, दिल्ली, हैदराबाद अशी दूरदूर गेली. ही मुले सुट्टीत बायकापोरांसह आईवडिलांकडे आली, की पहिला रविवार कमाटीबागेचा, हा शिरस्ता अजूनही अनेक घरांत पाळला जातो.

अशाच एका घरातील माणसे डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बागेच्या दाराशी रिक्षांतून उतरली. आजोबा शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले; आजींच्या हातात दशम्यांचा डबा; हैदराबादेहून आलेला मुलगा आणि सून; नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. या खेपेला बागेत येण्यास नेहमीपेक्षा निराळे कारण होते. आजी-आजोबांनी आता हैदराबादेसच राहावे असे ठरले होते आणि दांडिया बाजारातील घराचा व्यवहार जवळजवळ पुरा झाला होता. आजोबांनी त्याविषयी एक अवाक्षर काढले नव्हते. “मुलांना बाग नीट दाखवू या,” एवढेच ते म्हणाले होते.

‘नीट दाखवणे’ म्हणजे मास्तरांच्या दृष्टीने प्रथम इतिहास सांगणे. तो त्यांनी दारातच सुरू केला, आणि तो ऐकण्यासारखाही होता. सार्वजनिक बाग ही वस्तू आपल्याकडे तशी नवीनच. देवळाभोवती उपवन असे, राजाचा बाग असे, गावाबाहेर आमराई असे. परंतु कोणीही यावे, काही न करता बसावे आणि उठून जावे, यासाठी सरकारी खर्चाने जमीन राखून ठेवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडात बर्कनहेड येथे १८४७ साली अशी बाग लोकांच्या पैशातून उभी राहिली. मुंबईची राणीची बाग १८६२ ची, बंगलोरचे कब्बन पार्क १८७० चे. बडोद्याची ही बाग १८७९ ची.

“म्हणजे सयाजीराव महाराजांनी बांधली,” नात म्हणाली. पुतळा तिने नुकताच पाहिला होता.

मास्तर अशा उत्तरावर खूष होत नाहीत. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन सयाजीराव झाला, हे खरे. पण राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली ती १८८१ च्या डिसेंबरात. बाग झाली तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी होते. कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव. हे गृहस्थ कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांची दिवाणगिरी करून बडोद्यास आलेले. मराठी राज्य गुजरातेत, दिवाण तमिळ मुलखातला मराठी माणूस, राजा खानदेशाच्या वाटेवरच्या खेड्यातला. प्रांतांच्या आजच्या चौकटी मनात धरून ही बाग पाहिली तर तिचा उगम ध्यानी येणार नाही. बागेला नाव महाराजांचे मिळाले, आणि ते योग्यच झाले; कारण नुसत्या झाडांच्या आणि वाटांच्या या जागेला पुढे जो अर्थ आला, तो त्यांच्या कारकीर्दीत आला.

तो अर्थ समजण्यासाठी बागेतील संग्रहालय पाहावे लागते. बागेत संग्रहालय असावे, ही गोष्ट आज आपण सहज धरून चालतो. पण १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू करणाऱ्या राजाच्या राज्यात हवा खायला आलेल्या माणसाने जाता जाता जगही पाहून जावे, असा तो हिशेब होता. संग्रहालयाची इमारत १८९४ च्या सुमारास उभी राहिली. शेजारच्या चित्रशाळेचे बांधकाम १९०८ ला सुरू होऊन १९१४ ला संपले, आणि नेमके तेव्हाच महायुद्ध पेटले. युरोपातून यावयाची चित्रे तिकडेच अडकली आणि चित्रशाळा उघडण्यास १९२१ साल उजाडले.

मुलांना अर्थात चित्रशाळेशी कर्तव्य नव्हते. त्यांना देवमासा पाहायचा होता. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी निळ्या देवमाशाचे एक धूड वाहून आले. त्याचा सुमारे सत्तर फूट लांबीचा सांगाडा या संग्रहालयात मांडला आहे. पाच वर्षांच्या नातवाने तो पाहिला आणि प्रथम तो काही बोललाच नाही. मग शेपटीपासून डोक्यापर्यंत पावले मोजत निघाला आणि मध्येच आकडे विसरून पुन्हा शेपटीशी आला. असे तीनदा झाले. त्याचे वडील एका खांबाला टेकून हे पाहत होते. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनीही येथेच अशीच पावले मोजली होती. इजिप्तच्या ममीपुढे मात्र नातू आजीच्या पदराआड गेला. सुनेला हवी होती ती अकोट्याची जैन कांस्यमूर्तींची दालने. विश्वामित्रीच्या पलीकडे अकोटा येथे १९५१ साली सापडलेल्या या मूर्ती दीड-दोन वितीच्या, चेहरे निवलेले, शांत. “या एवढ्याच बघायला मी पुन्हा आले असते,” ती म्हणाली. आजी बाकावर बसून होत्या. संग्रहालय पाहून झालेल्या माणसाने कोणाच्या उत्साहावर विरजण न घालता कसे बसावे, हे त्यांना साधले होते.

बाहेर आल्यावर पुलावरून विश्वामित्री ओलांडायची होती. ही नदी बागेच्या पोटातून वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत. शहराच्या मध्यातून मगरींची नदी वाहते यावर हैदराबादेतील वर्गमित्रांचा विश्वास बसला नव्हता, म्हणून नातीला एक तरी मगर पाहणे प्राप्तच होते. कठड्याशी अर्धा तास गेला. दिसले ते एक लाकूड, आणि ते मगर नव्हे हे मान्य करायला नातू तयार होईना. २०२४ च्या ऑगस्टात या नदीला महापूर आला, शहराचे मोठाले भाग पाण्याखाली गेले आणि मगरी वस्त्यांतून फिरताना लोकांनी पाहिल्या. एरवी डिसेंबरात ती इतकी मुकाट असते, की पुलावरून तिच्याकडे पाहणाऱ्याला ही तीच नदी हे सांगूनही पटू नये. काठच्या झाडांखाली ठिकठिकाणी माणसे पसरली होती. कोणी सतरंजीवर पत्ते खेळत होते, एक विद्यार्थी झाडाला टेकून मोठ्याने पाठांतर करीत होता, हातगाडीवरून सेव-उसळीचा वास येत होता. यांतले कोण कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, भाड्याच्या खोलीत राहणारे की बंगल्यात, हे पाहून सांगता आले नसते. रविवारच्या बागेची खरी शोभा ही आहे. फुलांची घड्याळे त्यानंतर.

फुलांचे घड्याळही मुलांना दाखवण्यात आले. वीस फूट व्यासाची फुलझाडांची तबकडी, तिच्यावर फिरणारे काटे, आणि यंत्र सारे जमिनीखाली. तेथे आजोबांनी एका आगगाडीची गोष्ट सांगितली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजपुत्रांची शाळा होती आणि त्यांना वाड्यापासून तेथे ने-आण करण्यासाठी आमराईभोवती छोटे रूळ टाकून एक चिमुकली गाडी चालवीत. राजपुत्र मोठे झाले. मग त्या गाडीचे इंजिन कमाटीबागेत आले, आणि पुढे कितीतरी वर्षे शहरातली पोरे त्या गाडीत बसली. आज ते इंजिन फत्तेसिंह संग्रहालयाच्या दाराशी विश्रांती घेत आहे.

“तुम्ही बसला होतात, आजोबा?”

“बसलो होतो. माझ्या शेजारी आमच्या दूधवाल्याचा मुलगा बसला होता. दोघांचं तिकीट एकच.”

राजपुत्रांची गाडी दूधवाल्याच्या मुलापर्यंत पोचली, यात या बागेची थोरवी आली असे आजोबा मानीत आणि शाळेतही तसेच सांगत. कोणालाही पटावे असेच ते सांगणे होते. पण त्या दिवशी त्यांना तेवढ्यावर थांबता आले नाही.

दशम्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे असे जेवण झाले. आजी व सून सावलीत आडव्या झाल्या, नातू झोपला. आजोबा नातीला म्हणाले, “चल, तुला एक झाड दाखवतो.” मुलगाही बरोबर निघाला. बागेत एक जुना वड आहे. तेथे आता स्मारक असून त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक तेथे येतात. त्या दुपारी मात्र गर्दी नव्हती. एक कुटुंब आपल्या लहान मुलाला वडाच्या बुंध्याशी उभे करून छायाचित्र काढीत होते.

“इथे कोण राहायचं?” नातीने विचारले.

“राहायचं कोणी नाही. एक माणूस काही तास बसून होता. बाबासाहेब आंबेडकर.”

“बागेत फिरायला आले होते?”

“नाही. त्यांना जायला जागा नव्हती.”

हकीकत अशी. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडन. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांच्याइतके शिकलेली माणसे फार थोडी असतील. पण अस्पृश्य जातीच्या माणसाला राहायला घर मिळेना. हिंदू खाणावळी बंद. शेवटी एका पारशी उतारूगृहात पारशी नाव सांगून त्यांनी बिऱ्हाड केले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या सुमारास काठ्या घेतलेले लोक जिन्याशी येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांनी ताकीद दिली. शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास काढण्यासाठी ते कमाटीबागेत येऊन बसले. हे सारे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि त्यात आवाज कोठे चढवलेला नाही.

या घटनेचा विचार करताना एका गोष्टीपाशी मन अडते. ज्या राजाने त्यांना साता समुद्रांपलीकडे शिकायला धाडले, ज्याने १८८२-८३ च्या सुमारासच अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्याच्याच राजधानीत हे घडले. राजाला बाग उघडता आली, शाळा उघडता आली, ग्रंथालये उघडता आली. त्याच्या हुकमाने उघडले नाही ते घराचे दार. त्या दिवशी बडोद्यात या माणसाला नाव, जात न विचारता बसू देणारी जागा ही बाग होती, आणि हा बागेचा गौरव म्हणून सांगायचा की शहराची लाज म्हणून, याचा निवाडा बडोदेकराने आपापल्या मनाशी करावयाचा आहे. दोन्ही एकदम सांगता येते, असे म्हणून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. काही वर्षे आजोबाही त्यांतलेच होते. चौदा एप्रिलला शाळेत त्यांनी केलेली भाषणे चांगली होत. त्यांत ही बाग येई, महाराज येत, शिष्यवृत्ती येई.

नात वडाकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “तेव्हा आपलं घर होतं?”

“कुठलं?”

“दांडिया बाजारातलं.”

“होतं. माझ्या आजोबांनी बांधलेलं. ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते.”

“मग त्यात जागा नव्हती?”

“जागा होती. माडीवरची खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली असे.”

“मग ते आपल्याकडे का नाही आले?”

मुलगा मध्ये बोलला, “बाबा, तिला आता हे कशाला?”

“तिनं विचारलं म्हणून,” आजोबा म्हणाले, आणि नातीकडे वळून त्यांनी सांगितले, “आपल्याकडे त्यांना कोणी घेतलं नसतं. आले असते तरी माझ्या आजोबांनी दारातूनच परत पाठवलं असतं. ते वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा फार जीव होता. पण त्यांनी घेतलं नसतं.”

“त्यांना माहीत होतं, बाबासाहेब कोण ते?”

“तेव्हा नसेल. माहीत असतं तरी तेच झालं असतं.”

परतताना मुलगा म्हणाला, “मला हे कधी सांगितलं नाहीत. इतक्यांदा इथे आलो आपण.”

“तू विचारलं नाहीस,” आजोबा म्हणाले. मग चार पावले गेल्यावर त्यांनी ते वाक्य दुरुस्त केले. “आणि खरं म्हणजे तू विचारू नयेस, असंच मला वाटायचं. वडाच्या बाजूनं मी तुला कधी नेलंच नाही. देवमासा दाखवला की आपण नदीकडे वळत असू.”

मुलाने त्यावर काही म्हटले नाही. डबा, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या गोळा झाल्या. नातवाला जाग आली आणि त्याने मगरीची चौकशी केली. पुलावर पुन्हा एकदा थांबावे लागले. ते लाकूड जागचे हललेले नव्हते. दाराशी दोन रिक्षा ठरल्या. पहिल्या रिक्षात आजोबांशेजारी नात बसली, आणि बागेपासून घरापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे तिने वडिलांच्या मनगटी घड्याळावर पाहून ठेवले. वाटेत एक फाटक बंद नव्हते की मोर्चा आडवा आला नाही. पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

घरी आल्यावर तिने माडीवरच्या खोलीची किल्ली मागितली. आजींनी ती कनवटीची काढून दिली. खोलीत जुन्या ट्रंका, मास्तरांच्या वह्यांचे गठ्ठे आणि हैदराबादेस न्यायची म्हणून बांधून ठेवलेली तांब्या-पितळेची भांडी होती. एका कोपऱ्यात पाहुण्यांचा पलंग होता. तो नेणे परवडणार नाही म्हणून घराबरोबरच द्यायचा ठरला होता. ती त्या पलंगावर थोडा वेळ बसली, खिडकी उघडून रस्त्याकडे पाहिले, आणि खाली जेवायची पाने मांडल्याचा आवाज आला तेव्हा खिडकी तशीच उघडी ठेवून जिना उतरली.